लोणारची किनारवाट पाण्यात : सरोवर भरलं म्हणून आनंद मानायचा, की काळजी करायची?

घनसावंगी : पाऊस उघडला, सोयाबीनची काढणी आटोपली की घनसावंगी, परतूर, मंठा भागात एक दिवसाच्या सहलींचे बेत सुरू होतात. शाळांच्या सहली, बचत गटाच्या बायका, नवरात्रात देवीला जाणारी कुटुंबं अशा सगळ्यांच्या यादीत एक नाव हमखास असतं, ते म्हणजे लोणार. जिल्हा बुलढाण्याचा असला तरी लोणार तालुका मंठ्याला लागून आहे. घनसावंगीहून परतूर-मंठामार्गे रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस रात्री जेवायला घरी येतो.

लोणारला जाऊन वरच्या काठावरून फोटो काढणारे पुष्कळ. पण त्या जागेची खरी ओळख होते ती खाली उतरून खाऱ्या पाण्याच्या कडेने चालल्यावर. झाडीतून उतरणारी पायवाट, मग जुनी देवळं, पांढुरका चिखल आणि हिरवट पाणी. हीच किनारवाट आता अडचणीत आहे. गेल्या काही वर्षांत सरोवराचं पाणी चढत गेलं. २०२५ च्या जोरदार पावसाळ्यात तर ते कमळजा देवीच्या मंदिरात शिरलं आणि काठाने चालायची जागा बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेली.

मराठवाड्यातल्या माणसाला तलाव भरला की आनंदच होतो. टँकरची वाट पाहिलेल्या भागात 'पाणी जास्त झालं' ही तक्रार कुणाला पटणार? लोणारच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा आहे. हे पाणी पिण्याचं नाही, शेतीचं नाही. त्याची सगळी किंमत त्याच्या खारटपणात आहे. म्हणून वाट पुन्हा कशी बांधायची, एवढाच प्रश्न घेऊन बसलं तर मूळ दुखणं बाजूलाच राहील. पाणी कुठून येतंय आणि किती येतंय, हे आधी विचारायला हवं.

वाट छोटी, पण पाहण्यासारखं पुष्कळ

लोणारचं विवर वरून जवळजवळ गोल आहे. काठ ते काठ व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाशी जे पाणी आहे त्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर. म्हणजे पाण्याच्या कडेने पूर्ण फेरी मारायची म्हटली तर पावणेचार-चार किलोमीटरची चाल. गावाकडच्या माणसाला हे अंतर म्हणजे काहीच नाही. पण पूर्ण फेरी एरवीही सोपी नसते. कुठे दलदल, कुठे काटेरी झुडपं. त्यामुळे बहुतेक लोक देवळांच्या बाजूचा तुकडा चालून परत वर येतात.

गावाच्या बाजूला, ईशान्येकडे विवराच्या काठाला खिंड पडलेली आहे. तिथे धार आहे. गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा पडतो. लोक तिथे स्नान करतात, तीर्थ म्हणून पाणी घेतात. तिथून खाली उतरताना सीता न्हाणी, रामगया अशी ठिकाणं लागतात. झाडी दाट, मोरांचे आवाज, वानरांचे कळप. मग एकदम झाडी संपते आणि पाण्याचा वास येतो. कुजक्या अंड्यासारखा तो वास पहिल्यांदा येणाऱ्याला नकोसा वाटतो. तळाच्या चिखलात हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव जो वायू सोडतात, त्याचा तो वास.

पाणी कमी असताना कडेला पांढरी खपली धरलेली दिसते. त्या खपलीवरून पूर्वी इथला धंदा चालायचा. अकबराच्या काळातल्या 'ऐने अकबरी'तही या जागेची नोंद आहे. काच आणि साबणाला लागणारं द्रव्य इथे मिळतं, असं त्यात म्हटलं आहे. इंग्रजी अमदानीतही इथला सोडा निघत होता. पापडखार म्हणजे काय हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरात लोणारचं पाणी समजावून सांगायला फार वेळ लागू नये. मिठागराच्या पाण्यासारखं ते नुसतं खारट नाही, ते सोड्याचंही पाणी आहे.

काठावरची देवळं साधारण यादवकाळाच्या आसपासची, दगडी, बरीचशी पडझड झालेली. त्यांतलं कमळजा देवीचं मंदिर लोकांच्या रोजच्या भक्तीतलं. वर गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. लवणासुराला विष्णूने मारलं ती ही जागा, अशी कथा. लवण म्हणजे मीठ, त्यामुळे गावाचं नाव, राक्षस आणि पाण्याची चव असे तिन्ही धागे एकाच शब्दाशी येऊन मिळतात.

पाणी खारट का?

लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालं, हे आता सर्वमान्य आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची दखल घेतली. त्यानंतर दीड शतक ज्वालामुखी की उल्का, हा वाद चालला. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने इथल्या दगडांतले आघाताचे पुरावे मांडले आणि पारडं उल्केच्या बाजूने झुकलं. काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, झालेलं आणि इतकं नीट टिकलेलं आघात-विवर जगात फार दुर्मीळ. चंद्रावरचे खड्डेही अशाच कातळात असल्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे इथे येतात. वयाबद्दल दोन आकडे पुढे आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं.

खारटपणाचं कारण मात्र उल्का नाही. कारण साधं आहे. विवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी कातळातून, मातीतून येताना थोडे थोडे क्षार घेऊन येतं. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार तिथेच राहतात. हे हजारो वर्षं चाललं. त्यातून पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास गेला. माती परीक्षणाचा कागद पाहिलेल्या शेतकऱ्याला हा आकडा लगेच कळेल. जमिनीचा सामू साडेआठच्या वर गेला तरी कृषी सहायक 'चोपण' म्हणतो. समुद्राच्या पाण्याचाही सामू आठच्या थोडा वरच असतो.

अशा पाण्यात एरवीचे जलचर टिकत नाहीत. टिकतात ते या पाण्याला सरावलेले जीव. त्यांत निळं-हिरवं शेवाळ आणि तऱ्हेतऱ्हेचे सूक्ष्मजीव आले. पाण्याचा हिरवट रंग त्या शेवाळामुळेच. त्यांच्यावर किडे जगतात, त्या किड्यांवर पक्षी. ही साखळी खाऱ्या पाण्यावरच उभी आहे.

पाच वर्षांत दोन टोकं

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि देशभर बातमी झाली. टाळेबंदीचे दिवस होते. लोकांनी मोबाइलवर फोटो पाहिले आणि काहींनी त्यात चमत्कार शोधला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर विषय गेला. नागपूरची नीरी आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे नमुने तपासायला गेले. आघारकर संस्थेने सांगितलेलं कारण असं होतं : पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यामुळे मीठप्रेमी सूक्ष्मजीव, शास्त्रीय भाषेत हॅलोआर्किया, भरमसाट वाढले आणि त्यांच्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगलं. पाऊस पडला, पाणी पातळ झालं आणि रंग गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाल्याची घोषणा झाली. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी आहे. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा नाशिक जिल्ह्यातली गोदावरीवरची नांदूर मध्यमेश्वर, ती त्याच वर्षी जाहीर झाली होती. लोणार दुसरी. २००० साली अभयारण्य झालेलं, त्याआधी १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित झालेलं हे ठिकाण अशा रीतीने जगाच्या नकाशावर पक्कं बसलं.

तेव्हा काळजी होती पाणी आटण्याची. आज काळजी आहे पाणी चढण्याची. २०२० मध्ये काठाला चालायला रुंद पट्टा होता. पाच वर्षांनी त्याच पट्ट्यावर पाणी उभं राहिलं. गोदाकाठच्या गावांना सप्टेंबर २०२५ चा पूर आठवत असेलच. त्याच पावसाळ्याने लोणारचं पात्रही भरलं. फरक इतकाच की गोदावरीचं पाणी चार दिवसांत खाली सरकलं. लोणारचं पाणी सरकायला खालची बाजूच नाही. त्याला एकच वाट आहे, ती वर. वाफ होऊन.

हिशेब मांडून पाहिला तर

आकड्यांचा ढोबळ हिशेब केला तरी बरंच उलगडतं. सरोवराचं क्षेत्र सुमारे १.१ चौरस किलोमीटर धरलं, तर पाणी एक फूट चढलं म्हणजे साधारण ३४ कोटी लिटर पाण्याची भर पडली. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चौतीस हजार टँकर.

आता विवराच्या काठाच्या आतलं सगळं क्षेत्र घ्या. ते सुमारे २.६ चौरस किलोमीटर भरतं. त्यावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर १८० कोटी लिटरच्या वर पाणी होतं. त्यातलं काही माती पिते, काही झाडं. दुसऱ्या बाजूला ऊन आहे. आपल्या भागात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उडून जातं. सरोवरापुरतं मोजलं तर तेही १७० ते २२० कोटी लिटरच्या घरात येतं.

म्हणजे सरासरी वर्षात येणारं आणि जाणारं पाणी बऱ्यापैकी तोलून असतं. पावसातलं मातीत मुरलेलं पाणी वजा केलं तर जी तूट राहते, ती झरे भरून काढतात. हा तराजू इतका नाजूक आहे की सलग दोन-तीन वर्षं पाऊस कमी झाला तर पाणी आटतं, सलग तीन-चार वर्षं पाऊस जोरदार झाला तर काठ बुडतो. त्यात माणसाने एखाद्या बाजूला थोडं वजन टाकलं तरी काटा हलणार.

वजन कुठून पडतं?

पहिला वाटा पावसाचा. त्यावर कुणाचा इलाज नाही आणि इलाज करायचीही गरज नाही. हजारो वर्षं सरोवर कमी-जास्त होत आलं आहे.

दुसरा वाटा झऱ्यांचा. विवराच्या उतारावर आणि तळाजवळ भूजल पाझरतं. वरच्या पठारावर पाणी जिरवण्याची जितकी कामं होतील, तलाव आणि बंधारे भरलेले राहतील, तितका खालचा पाझर वाढणार. गावासाठी ही चांगली गोष्ट आहे, विहिरींना पाणी राहतं. पण तेच गोडं पाणी उताराने सरोवरात उतरतं. म्हणजे जलसंधारण चुकीचं असं नाही. विवराच्या काठालगत कुठे पाणी अडवायचं आणि कुठे नाही, हे भूजलाच्या नकाशावर ठरवायला हवं. बाकी तालुक्यात जे धोरण चालतं तेच इथे डोळे झाकून चालवलं की सरोवर त्याचं बिल भरतं.

तिसरा वाटा गावाच्या सांडपाण्याचा. लोणार शहर विवराच्या अगदी काठाला आहे. उताराच्या बाजूने सांडपाणी खाली जाण्याचा प्रश्न जुना. २००९ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेपासून नागपूर खंडपीठ या विषयावर लक्ष ठेवून आहे आणि सांडपाणी रोखणं हा त्यातला एक मुख्य मुद्दा राहिला. सांडपाण्याचं प्रमाण पावसाच्या मानाने थोडं असेल. पण पाऊस चार महिने पडतो, नाली बाराही महिने वाहते. शिवाय ती नुसतं पाणी आणत नाही, साबण, नत्र, स्फुरद आणि घाण आणते. खाऱ्या पाण्याला सरावलेल्या जिवांना ते खत झेपत नाही.

पाणी पातळ झालं तर बिघडतं काय?

दुधात पाणी घातलं तर ते वाढतं, पण दूध राहत नाही. लोणारचं तसंच आहे. क्षार तेवढेच, पाणी जास्त, म्हणजे खारटपणा कमी. खारटपणा आणि सामू ठरावीक मर्यादेखाली गेला की खाऱ्या पाण्याचे जीव मागे पडतात आणि साध्या तळ्यातले जीव शिरकाव करतात. एकदा साधं शेवाळ, साधी पाणवनस्पती, मासे टिकू लागले की सरोवर बाहेरून तसंच दिसेल, आतून मात्र ते गावातल्या पाझर तलावासारखं होईल. असे पाझर तलाव मराठवाड्यात शेकड्याने आहेत. लोणार एकच आहे.

जगात हे दुसरीकडे घडून गेलं आहे. केनियातल्या नाकुरू या सोडा सरोवराचं पाणी २०१० नंतर सारखं वाढत गेलं. राष्ट्रीय उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार बुडालं, ते दुसरीकडे हलवावं लागलं. पाणी पातळ झालं तसं रोहित पक्ष्यांचं खाद्य असलेलं निळं-हिरवं शेवाळ घटलं आणि ज्या रोहित पक्ष्यांसाठी नाकुरू जगभर ओळखलं जायचं, त्यांतले बरेच शेजारच्या दुसऱ्या खाऱ्या सरोवरांकडे वळले. नाकुरूच्या पक्ष्यांना शेजारी दुसरी सरोवरं होती. लोणारच्या आसपास तसं दुसरं पाणी नाही.

देवळांचं नुकसान वेगळंच. दगडी बांधकाम ओलं होतं, सुकतं, पुन्हा ओलं होतं. खारं पाणी दगडाच्या बारीक फटींत शिरतं. सुकताना आत क्षाराचे स्फटिक धरतात आणि दगड पोपडे सोडतो. घराच्या भिंतीला पांढरा खार फुटला की गिलावा कसा गळतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सातशे-आठशे वर्षांच्या कोरीव दगडाचंही तेच होतं. कोरीव काम आधी जातं, भिंत नंतर.

आणि माणसं आहेतच. नवरात्रातली यात्रा, त्यावर चालणारी प्रसाद-फुलांची दुकानं, वाटाडे, रिक्षावाले, चहा-नाश्त्याच्या टपऱ्या. खाली उतरता येत नाही म्हटल्यावर पाहुणा वरून दहा मिनिटांत फोटो काढून पुढे जातो. दुपारचं जेवण गावात होत नाही. एका छोट्या गावाला हा फरक लगेच जाणवतो.

पैसा आहे, मोजमाप हवं

लोणारच्या जतन आणि विकासासाठी राज्य सरकारने साडेतीनशे कोटींहून जास्त रकमेचा आराखडा पुढे आणला. रकमेकडे पाहिलं तर कामं अडू नयेत. अडचण आहे ती मालकीच्या गुंत्याची. अभयारण्य वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे, देवळं पुरातत्त्व विभागाकडे, सांडपाणी नगरपरिषदेकडे, पर्यटन निवास पर्यटन महामंडळाकडे, भूजल आणखी तिसऱ्याच कार्यालयाकडे. आपल्याकडे एका पांदण रस्त्यासाठी तीन कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात. इथे तर सरोवर आहे.

आराखडा म्हटला की सिमेंटचा विचार आधी येतो. पायऱ्या, कठडे, फरशीचा फेरफटका, सेल्फी पॉइंट. या पाच वर्षांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे लोणारचा काठ एका जागी थांबत नाही. तळाचा उतार सौम्य असल्यामुळे पाणी एक फूट चढलं की काठ बरीच पावलं मागे सरकतो. आजच्या काठावर फरशी घातली तर ती एक तर बुडेल, नाही तर पाणी आटल्यावर काठापासून लांब उघडी पडेल. दोन्ही वेळा पैसा पाण्यात. त्यापेक्षा सर्वांत जास्त पाणी आलेल्या खुणेच्या वर, झाडीच्या कडेने, मातीचीच साधी वाट ठेवणं शहाणपणाचं. जिथे गरज आहे तिथे उचलून ठेवता येतील असे लाकडी किंवा लोखंडी सांगाडे. पाणी खाली गेलं की लोक आपोआप काठापर्यंत उतरतील, वर आलं की मागे थांबतील.

दुसरी गोष्ट, मोजपट्टी. प्रत्येक धरणाची पातळी रोज सकाळी मोबाइलवर येते. जायकवाडीत आज किती टक्के, किती क्युसेक विसर्ग, हे घनसावंगीतला शाळकरी पोरगाही सांगतो. लोणारच्या पाण्याची पातळी, सामू आणि क्षारांचं प्रमाण अशाच पद्धतीने, ठरावीक दिवशी, लोकांसमोर यायला काय हरकत आहे? त्यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. एक पट्टी, एक नोंदवही, महिन्याला एक नमुना. दहा वर्षांची अशी नोंद हाताशी असली की पावसाचा वाटा किती आणि माणसाचा किती, यावर भांडण उरणार नाही.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं. नालीचं उद्घाटन करताना फोटो चांगला येत नाही. पण सरोवराच्या दृष्टीने गावातलं घाण पाणी विवराच्या उलट दिशेला वळवून त्यावर प्रक्रिया करणं हे कोणत्याही प्रवेशद्वारापेक्षा महत्त्वाचं आहे.

काही जण सुचवतात की पंप लावून पाणी उपसून टाका. ऐकायला सोपं. पण उपसलेलं पाणी टाकणार कुठे? सोड्याचं पाणी ज्या शिवारात जाईल, ती जमीन गेली. शिवाय पाण्याबरोबर क्षारही बाहेर जातील. पुढच्या पावसात गोडं पाणी पुन्हा येईल, क्षार मात्र परत येणार नाहीत. सरोवर आणखी पातळ होईल. म्हणून बाहेर काढण्याआधी आत येणारं रोखायला हवं, तेही माणसाच्या हातून येतंय तेवढंच.

घनसावंगीला याचं काय?

प्रश्न रास्त आहे. लोणार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या विभागात. पण लोणारला जे पाण्याने केलं, तेच कालव्याखालच्या शिवारात छोट्या प्रमाणात होत असतं. जायकवाडीचा डावा कालवा घनसावंगी तालुक्यातून जातो. काळ्या खोल जमिनीत उसाला पाटाने भरपूर पाणी दिलं आणि निचरा ठेवला नाही, की पाणी खाली अडतं, ऊन वरून ओढतं आणि क्षार पृष्ठभागावर येतात. उन्हाळ्यात अशा शेतात पांढरी झाक दिसते. लोणारच्या काठावरची खपली आणि चोपण रानातली ती झाक यांच्या मागचं कारण सारखंच आहे : पाण्याला यायला वाट, जायला नाही. लोणारला निसर्गाने हे हजारो वर्षांत केलं आणि त्यातून जगातली दुर्मीळ जागा झाली. शेतात माणूस ते काही वर्षांत करतो आणि त्यातून पडीक जमीन होते. शाळेची सहल लोणारला गेली तर गुरुजींनी पोरांना एवढं दाखवलं तरी विज्ञानाचा एक धडा पुरा होईल.

दुसरा संबंध रस्त्याचा. शेगाव-पंढरपूर मार्ग मेहकर, लोणार, मंठा, परतूर, माजलगाव असा खाली येतो. शेगावचं दर्शन, लोणारचं सरोवर आणि परतीच्या वाटेवर घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ, म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव, अशी साखळी सहज जुळते. लोणारला पाहुणा अर्धा दिवस थांबला, खाली उतरून चालला, तर तो या भागात मुक्काम करील. तो वरूनच फोटो काढून समृद्धी महामार्गाला लागला, तर मंठा-परतूर-घनसावंगीच्या वाट्याला काहीच येणार नाही.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं

वाट बदलली आहे, त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबून खाली उतरू नये. कोणती वाट उघडी आहे, ते वर वन विभागाच्या माणसांना विचारूनच पाऊल टाकावं. पाण्याखाली गेलेल्या काठावर चिखल खोल असतो, वरून कळत नाही. लहान मुलांना पाण्याच्या कडेला मोकळं सोडू नये. हे अभयारण्य आहे, त्यात बिबट्याही आहे. अंधार पडायच्या आत वर यावं. उन्हाळ्यात विवराच्या तळाशी वारा कमी आणि उकाडा जास्त असतो, पिण्याचं पाणी सोबत ठेवावं. सकाळची वेळ सगळ्यांत चांगली.

देवीची ओटी भरायची असेल तर प्लास्टिकची पिशवी परत आणावी. निर्माल्य पाण्यात सोडू नये. धारेखाली साबण लावून अंघोळ करू नये. ती धार खाली जाऊन सरोवरालाच मिळते. काठावरचा दगड 'उल्केचा' म्हणून खिशात घालून आणणारेही कमी नाहीत. तो बहुतेक साधा काळा कातळच असतो आणि अभयारण्यातून तो उचलणं हा गुन्हा आहे.

येणाऱ्या पावसाळ्यांत पाणी चढेल किंवा उतरेल. दोन्ही गोष्टी लोणारने याआधी पाहिल्या आहेत. पाणी उतरलं तर काठ पुन्हा उघडा पडेल, लोक पुन्हा चालू लागतील आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटेल. २०२० मध्ये रंग गेला आणि विषय मागे पडला, तसंच याही वेळी होऊ शकतं. ते टाळायचं असेल तर पातळीची नोंद आणि सांडपाण्याचं काम या दोन गोष्टी पाणी चढलेलं असतानाच सुरू व्हायला हव्यात. काठ मोकळा झाल्यावर ही कामं कुणाला आठवणार नाहीत.